संगणकाची शीतनिद्रा: ती का मोडते आणि दोष कसा शोधायचा

सहामाही परीक्षेच्या निकालाचे दिवस होते. आमच्या परिचयाच्या एका माध्यमिक शाळेतील गणिताच्या बाई कार्यालयातील संगणकावर नववीच्या तीन तुकड्यांचे गुण भरत बसल्या होत्या. साडेपाच वाजले, शाळा बंद करायची वेळ झाली. चार-पाच तक्ते उघडे होते, बेरजा अर्धवट होत्या. ते सगळे बंद करून सकाळी पुन्हा जुळवत बसण्यापेक्षा बाईंनी संगणकाला 'हायबरनेट' होण्याची आज्ञा दिली, पडदा काळा झाल्याचे पाहिले आणि त्या घरी गेल्या. सकाळी येऊन पाहतात तो संगणक चालू, पण उघडा ठेवलेला एकही तक्ता पडद्यावर नाही! दुपारनंतर भरलेले सगळे गुण गेले होते.

"मी हायबरनेटच केलं होतं हो," बाई म्हणाल्या. "वीज गेली तरी त्यात काही जात नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

सांगितले होते खरे. आणि ते चूकही नव्हते. मग झाले काय? या कोड्याचे उत्तर शोधताना आम्हाला संगणकाच्या झोपेविषयी बरेच काही शिकायला मिळाले. शाळेत संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून हा लेख.

फळा आणि वही

संगणकात माहिती दोन प्रकारच्या जागी राहते. एक म्हणजे काम चालू असताना वापरायची स्मृती, म्हणजे रॅम. दुसरी म्हणजे कायमची साठवण, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. रॅम हा वर्गातला फळा समजा आणि डिस्क ही वही. फळ्यावर लिहिणे-पुसणे झटपट होते, पण तास संपला की फळा पुसला जातो. वहीत लिहायला वेळ लागतो, पण लिहिलेले टिकते.

रॅममधला फळा का पुसला जातो? तिथे माहितीचा प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपाने असतो. हा भार सतत गळत असतो. म्हणून तो गळून जाण्यापूर्वी वाचून पुन्हा भरावा लागतो. नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत अशी ताजी केली जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा! वीज तुटली की हे भरणे थांबते आणि माहिती विरून जाते. ती क्षणात जात नाही, ही गंमत आहे. २००८ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की वीज तोडल्यानंतरही रॅममधील माहिती काही सेकंद रेंगाळते आणि चिप खूप थंड केली तर ती मिनिटेच्या मिनिटे टिकते. आपल्या रोजच्या व्यवहारात मात्र 'वीज गेली, रॅम गेली' असेच धरून चालावे.

आता संगणकाला विश्रांती देण्याचे दोन मार्ग पाहू. पहिला मार्ग 'स्लीप'. यात फळा पुसायचा नाही, फक्त वर्गातले दिवे मालवायचे. प्रोसेसर, डिस्क, पंखे थांबतात. रॅमला मात्र वीज मिळत राहते. दुसरा मार्ग 'हायबरनेट'. यात फळ्यावरचे सगळे वहीत उतरवून घ्यायचे आणि मग खुशाल फळा पुसायचा. दुसऱ्या दिवशी वहीतून फळ्यावर जसेच्या तसे लिहून काढायचे आणि जिथे तास थांबला होता तिथून पुढे शिकवायला लागायचे.

या अवस्थांना रीतसर नावे आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये 'एसीपीआय' नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात जागेपणाला एस-०, रॅम जागती ठेवणाऱ्या झोपेला एस-३, हायबरनेटला एस-४ आणि पूर्ण बंद अवस्थेला एस-५ अशा खुणा दिल्या आहेत. संगणक वीज वाचवताना कोणत्या पायरीवर आहे, हे या खुणांवरून कळते.

इथे जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक मुद्दा. 'हायबरनेशन' म्हणजे शीतनिद्रा हा शब्द प्राण्यांवरून घेतला आहे, पण उपमा तंतोतंत जुळत नाही. शीतनिद्रेतल्या प्राण्याचे हृदय मंद का होईना चालू असते. साठवलेली चरबी हळूहळू खर्च होत असते. आपल्याकडचा बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीखाली गाडून घेऊन पडून राहतो, तेव्हाही त्याचा श्वास पूर्ण थांबत नाही. म्हणजे प्राण्यांची शीतनिद्रा ही संगणकाच्या 'स्लीप'शी जास्त जुळते. संगणकाच्या 'हायबरनेट'ला उपमा द्यायचीच तर कोठीत ठेवलेल्या सुक्या बियाण्याची द्यावी. खर्च जवळजवळ शून्य, पण पुढे काय करायचे याची सगळी माहिती आत शाबूत!

जाताना आणि येताना

हायबरनेट होताना पुढील गोष्टी क्रमाने घडतात. प्रथम सर्व प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवले जातात. मग ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, ध्वनी, यूएसबी अशा प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, आपापली स्थिती नोंदवून उपकरण बंद करतो. त्यानंतर रॅममधील आवश्यक मजकूर संकुचित करून डिस्कवर लिहिला जातो. विंडोजमध्ये हा मजकूर सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल डॉट सिस' या लपवलेल्या फाइलीत जातो. शेवटी वीज बंद होते.

परत येताना संगणक नेहमीसारखाच सुरू होतो. कंपनीचे चिन्ह दिसते, बायॉस आपली तपासणी करते, मग विंडोजला कळते की डिस्कवर जुने चित्र जपून ठेवले आहे. ते रॅममध्ये भरले जाते, प्रत्येक ड्रायव्हर आपल्या उपकरणाला उठवतो आणि थांबलेले प्रोग्रॅम पुढे चालू लागतात.

या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी शीतनिद्रा मोडते. कोणती कडी निसटली हे लक्षणांवरून ओळखता येते. नेहमीची लक्षणे पाहू.

लक्षण पहिले: हायबरनेट हा पर्यायच दिसत नाही

हे सर्वांत जास्त वेळा आढळते आणि बहुधा तो बिघाड नसतोच. विंडोज १० आणि ११ मध्ये हा पर्याय सुरुवातीला यादीत दाखवलेला नसतो. कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'पॉवरची बटणे काय करतील' या ओळीवर टिचकी मारावी, वरची 'सध्या उपलब्ध नसलेले पर्याय बदला' अशा अर्थाची ओळ निवडावी आणि हायबरनेटपुढे खूण करावी.

तिथेही पर्याय नसेल, तर संगणकालाच कारण विचारता येते. प्रशासकाचे अधिकार घेऊन 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा. तिथे इंग्रजी अक्षरांत 'पॉवर' हा शब्द आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरे टाइप करावीत. मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि ए. उत्तरादाखल कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत आणि कोणत्या नाहीत याची यादी कारणांसह मिळते. 'हायबरनेशन चालू केलेले नाही' असे कारण असेल तर त्याच आज्ञेत ए-ऐवजी एच आणि पुढे 'ऑन' लिहिले की काम होते. 'ग्राफिक्स'मुळे अवस्था बंद आहे असे उत्तर आले, तर ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर बसवलेला नाही आणि विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चालते आहे असे समजावे. विंडोज नव्याने भरल्यावर हे हमखास होते.

ज्या शाळांत लिनक्स आहे तिथे कारणे वेगळी असतात. लिनक्स रॅमचे चित्र 'स्वॅप' या राखीव जागेत लिहितो. ही जागा पुरेशी मोठी नसेल, किंवा स्वॅप डिस्कवर नसून रॅममध्येच केलेला असेल, तर उतरवायला वहीच नाही! शिवाय 'सिक्युअर बूट' चालू असताना अनेक लिनक्स आवृत्त्या सुरक्षेसाठी हायबरनेट बंद ठेवतात.

लक्षण दुसरे: पडदा काळा होतो, संगणक उठतच नाही

बटण दाबले, पंखे फिरले, दिवा लागला, पण पडद्यावर काही नाही. इथे पहिला संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा. संगणक उठलेला असतो, फक्त त्याचे डोळे उघडलेले नसतात. हे तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे कळफलकावरील 'कॅप्स लॉक' दाबून पाहणे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे. दोष चित्र दाखवणाऱ्या भागात आहे. दिवा हलत नसेल तर तो वाटेतच अडकला आहे.

दुसरी शक्यता, ते चित्रच खराब झाल्याची. डिस्कवरचा एखादा भाग निकामी झाला असेल आणि शीतनिद्रेची फाइल नेमकी त्या भागावर असेल, तर वाचताना चूक होते. यावर उपाय असा: हायबरनेट एकदा 'ऑफ' करावे, म्हणजे ती फाइल पुसली जाते, मग डिस्कची तपासणी करावी, मग पुन्हा 'ऑन' करावे, म्हणजे फाइल नव्याने तयार होते.

तिसरी शक्यता, झोपेत असताना घरातले सामान बदलल्याची. साठवलेल्या चित्राची अपेक्षा असते की उठल्यावर यंत्र जसे होते तसेच असेल. मध्यंतरी कोणी रॅमची पट्टी वाढवली, तर जुने चित्र जुळत नाही आणि विंडोज ते टाकून देऊन नव्याने सुरू होते. मदरबोर्डावरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली असेल तर मुख्य वीज तुटताच बायॉसमधील निवडी मूळपदावर जातात आणि तोच परिणाम होऊ शकतो. संगणकाची तारीख वारंवार चुकत असेल तर आधी ही बॅटरी बदला. म्हणून नियम असा, की संगणक उघडायचा असेल तर तो हायबरनेट नव्हे, पूर्ण बंद केलेला हवा.

लक्षण तिसरे: संगणक आपोआप उठतो

झोपलेल्या संगणकाला कोण उठवतो? बंद दिसणारा डेस्कटॉप पूर्ण बंद नसतो. १९९५ साली आलेल्या एटीएक्स पद्धतीच्या वीजपुरवठ्यात एक जांभळी तार असते. भिंतीवरचे बटण चालू आहे तोवर तिच्यातून ५ व्होल्टचा दाब मदरबोर्डला मिळत राहतो. या चिमूटभर विजेवर काही पहारेकरी जागे असतात.

एक पहारेकरी म्हणजे नेटवर्क कार्ड. दुसऱ्या संगणकाने केबलवरून एक ठराविक संदेश पाठवला की हे कार्ड संगणक सुरू करते. हा संदेश मोठा मजेशीर असतो. आधी सहा बाइट पूर्ण भरलेले, म्हणजे प्रत्येकी २५५ ही संख्या, आणि मग त्या कार्डाचा स्वतःचा सहा बाइटचा पत्ता सलग सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. पण काही कार्डे इतर संदेशांनीही दचकून उठतात. दुसरा पहारेकरी माउस: डुगडुगत्या टेबलावर तो हलला तरी 'स्लीप'मधला संगणक जागा होतो. तिसरा म्हणजे घड्याळ: ठरवून ठेवलेले काम करण्यासाठी संगणक आपणहून उठू शकतो.

मघाच्याच आज्ञेत ए-ऐवजी 'लास्टवेक' हा शब्द जोडून लिहिला, तर शेवटी कोणी उठवले त्याचे नाव कळते. मग 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावरची, संगणक उठवण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी.

बाईंच्या गुणांचे काय झाले?

आता पुन्हा त्या शाळेकडे वळू. आमचा पहिला तर्क असा, की बाईंनी चुकून 'स्लीप' निवडले असेल आणि रात्री वीज गेली असेल. तर्क सोपा होता, पण पुराव्याशिवाय मानायचा नाही असे ठरवले. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची रोजनिशी असते. संगणक झोपायला जाताना ४२ क्रमांकाची नोंद होते; उठला की तो कधी झोपला आणि कधी उठला यांची नोंद होते; आणि नीट बंद न होता वीज तुटली असेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना ४१ क्रमांकाची नोंद होते.

रोजनिशी सांगत होती ती हकीकत अशी. सायंकाळी पाच वाजून अडतीस मिनिटांनी संगणक झोपला, आणि तो हायबरनेटच झाला. बाईंचे म्हणणे अगदी खरे होते! रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी तो उठला. पावणेबाराच्या सुमारास तो नव्याने सुरू झाला, आणि तिथे ४१ क्रमांकाची नोंद होती.

शाळेला कुलूप, माणूस कोणी नाही. मग नऊ वाजता त्याला उठवले कोणी? नेटवर्कची केबल काढून पाहिली, माउस काढून पाहिला. हायबरनेट केलेला संगणक ढिम्म झोपून राहिला. तेवढ्यात शिपाईमामा म्हणाले, "काल रात्री गावात दोनदा लाईट गेली होती, सर."

आम्ही लगेच प्रयोग केला. संगणक हायबरनेट केला, भिंतीवरचे बटण बंद केले, मिनिटभर थांबलो आणि बटण पुन्हा चालू केले. कोणी हात न लावता संगणक सुरू झाला! बायॉसमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचे' अशी एक निवड असते: बंद राहायचे, चालू व्हायचे, की आधीच्या स्थितीत जायचे. हा संगणक पूर्वी प्रयोगशाळेत होता. सगळे संगणक एकाच मुख्य बटणाने चालू व्हावेत म्हणून तिथे कोणीतरी 'चालू व्हायचे' हे निवडून ठेवले होते.

आता साखळी जुळली. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा गुण डिस्कवर सुरक्षित होते. वीज आली तेव्हा संगणक आपोआप उठला आणि त्याने सगळे तक्ते रॅममध्ये मांडले. आपोआप झोपण्याची मुदत 'कधीच नाही' अशी ठेवलेली असल्यामुळे तो तसाच जागा राहिला. दुसऱ्यांदा वीज गेली तेव्हा गुण वहीत नव्हते, फळ्यावर होते. फळा पुसला गेला. वीज पुन्हा आली तेव्हा तो रिकाम्या मनाने सुरू झाला आणि सकाळपर्यंत चालू राहिला. हायबरनेटने दगा दिला नव्हता. त्यातून अवेळी उठणे नडले होते.

उपाय दोन मिनिटांचा होता. बायॉसमधील निवड 'बंद राहायचे' अशी केली. शिवाय हायबरनेट झाल्यावर दिवा विझला आणि पंखा थांबला की भिंतीवरचे बटणही बंद करायचे, असा नेम घालून दिला. 'स्लीप'मध्ये असे बटण बंद करणे घातक, हायबरनेटमध्ये ते निर्धोक. बाईंना मात्र दुपारनंतरचे गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरावे लागले. तेव्हा सगळ्यांत वरचा नियम हाच: हायबरनेट करण्यापूर्वी फाइल 'सेव्ह' करा. शीतनिद्रा ही सोय आहे, साठवण नव्हे.

अर्धवट झोपेचा धोका

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असताना तुम्ही 'शट डाउन' केले तरी विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, फक्त तुमचे प्रोग्रॅम बंद होतात. म्हणून ड्रायव्हरचा अडेलपणा कधी कधी 'शट डाउन'ने जात नाही आणि 'रीस्टार्ट'ने जातो. रीस्टार्ट करताना गाभाही नव्याने भरला जातो.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर यात खरा धोका आहे. झोपलेल्या विंडोजच्या चित्रात डिस्कवर कुठे काय आहे याची आठवण असते. मध्येच लिनक्सने त्या भागात लिहिले आणि नंतर विंडोज उठले, तर ते जुन्या आठवणीप्रमाणे वागते आणि फाइलींची नासाडी होऊ शकते. म्हणूनच लिनक्स अशा वेळी त्या भागावर लिहायला बहुधा नकार देतो. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे, सावधगिरी आहे. अशा संगणकावर फास्ट स्टार्टअप बंद ठेवावे. हायबरनेट करण्यापूर्वी पेनड्राइव्हही काढून घ्यावा.

याउलट, वीज वारंवार जाते तिथे हायबरनेटचा फार चांगला उपयोग करून घेता येतो. अनेक यूपीएसना यूएसबी केबल असते. ती जोडली की विंडोज यूपीएसला बॅटरीप्रमाणे ओळखते. बॅटरी संपत आल्यावर 'हायबरनेट' व्हायचे, असे पॉवर ऑप्शन्समध्ये ठरवून ठेवता येते. मग वर्गात कोणी नसले तरी काम वाचते.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक: नोटपॅडमध्ये 'अ आ इ ई' लिहा, सेव्ह करू नका. संगणक हायबरनेट करा, भिंतीवरचे बटण मिनिटभर बंद ठेवून चालू करा आणि मग संगणक सुरू करा. हाच प्रयोग 'स्लीप'ने करा. दोन्हींत काय फरक पडला आणि का, हे विद्यार्थ्यांना फळा आणि वहीच्या भाषेत सांगायला लावा. काही डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' चालू असते, म्हणजे फळा जपायचा आणि वहीतही उतरवायचे. तिथे 'स्लीप'नंतरही मजकूर परत येईल! तो का आला, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या.

दोन: ४ गिगाबाइटचे चित्र डिस्कवर लिहायचे आहे. हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट आणि एसएसडी ५०० मेगाबाइट लिहिते असे धरले, तर किती वेळ लागेल? उत्तरे सुमारे ४० आणि ८ सेकंद येतील. जुना संगणक हायबरनेट व्हायला वेळ का लावतो आणि दिवा विझण्यापूर्वी बटण का बंद करायचे नाही, हे त्यावरून उमजेल.

तीन: एक संगणक नुसता चालू असताना ६० वॅट घेतो असे धरा. सायंकाळी सहा ते सकाळी आठ असे १४ तास तो चालू राहिला तर ०.८४ युनिट वीज जाते. आपल्या शाळेत दहा संगणक असतील तर महिन्याचा हिशेब करा.

दोष शोधताना मात्र एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, वहीत लिहावा आणि मगच दुसरी बदलावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर तो कशाने सुधारला हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. 'बाईंनी चुकीचे बटण दाबले असेल' हा आमचा पहिला तर्क सोपा होता आणि चुकीचा होता. रोजनिशी उघडून पाहिली नसती, तर दोष बायॉसचा आणि बोल मात्र बाईंना, असे झाले असते.